तेजोमेघाची साक्ष

हिवाळ्यात मृग नक्षत्र उंच आले की बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक पुसट ठिपका दिसतो. परसात लावलेल्या दुर्बिणीतून आम्ही तो अनेकदा पाहिला आहे. डोळ्यांना भासतो तो राखाडी, फार तर हिरवट धुक्याचा पुंजका. त्याच दुर्बिणीला कॅमेरा जोडून घेतलेल्या छायाचित्रात मात्र तो तांबूस, विशाल तेजोमेघ होतो. आमच्या धर्मग्रामातील एका मावशींनी ते चित्र पाहून विचारले, “हे खरेच असे आहे का?” आम्ही चटकन ‘हो’ म्हणालो. ते उत्तर पुढे कित्येक दिवस मनात सलत राहिले.

तो सल रंगाचा नव्हता. मंद प्रकाशात मानवी डोळा तांबडा रंग जवळजवळ ओळखत नाही. तेथील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश मात्र असतोच. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने घराच्या बागेतील ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. डोळ्यांना दिसले नाही म्हणून ते खोटे, असे कोण म्हणेल?

या कामात एक चमत्कारिक रीत आहे. दुर्बिणीचे तोंड झाकून, मूळ छायाचित्रांइतकाच वेळ देऊन, काही छायाचित्रे घ्यायची. त्यांत आकाश नसते. असतात ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. ते मूळ चित्रातून वजा करायचे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वीच्या आत्मपरीक्षणाची आठवण आम्हांस येथे नेहमी होते. त्यानंतर पुसट भाग उजळला, तरी सुमारे १३०० वर्षे प्रवास करून आलेला प्रकाशच उजळतो. तोवर आपण केवळ साक्षीदार असतो.

आमचे पाऊल घसरले ते यापुढे. तेजोमेघाची एक कड अर्धवट आली होती. संगणकावर आम्ही ती हाताने थोडी लांबवली, इतकी सफाईने की कोणाच्या ध्यानातही आले नाही. तेथून प्रकाश आलाच नव्हता. आठवी आज्ञा केवळ शेजाऱ्याविषयीच्या खोट्या साक्षीपुरती आहे, ताऱ्यांना तिचे काय, असा युक्तिवाद आम्ही मनाशी करून पाहिला. पण साक्ष ऐकणाऱ्या मावशी शेजारीच राहतात.

त्यांना नेमकी तीच कड सर्वांत आवडली. आज ते चित्र त्यांच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेले आहे. तुटक्या कडेची खरी प्रत आम्ही छापून आणली आहे. ती अजून आमच्या टेबलाच्या खणातच आहे.