तीन इंच

टोमॅटोच्या हंगामात जुन्नर तालुक्यातल्या पिकअपवाल्याला झोप नसते. बाळूची गाडीही पहाटेपासून शेत ते नारायणगावचा बाजार अशा खेपा मारायची. क्रेट २० किलोचा. ६० क्रेट भरले की १२०० किलो. डांबरीवर काही त्रास नव्हता. त्रास होता पाणंदीचा. पावसात ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे मातीचा वरंबा. भरलेली गाडी त्या वरंब्यावर बसायची. रिकामी परत येताना चढावर मागचं एक चाक गरगर फिरायचं आणि दुसरं गप्प उभं राहायचं. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन, आणि तो काही फुकट येत नसे.

त्याच पाणंदीतून शेजारच्या बागायतदाराची जीप बिनघोर निघून जाई. बाळूला तिच्यातली एकच गोष्ट दिसली, ती उंच होती. चारही चाकं ओढतात, हे उंचीसारखं डोळ्यांत भरत नाही.

तो हायवेवरच्या कमानवाल्या चाचांकडं गेला. "चाचा, गाडी तीन इंच वर घ्यायची."

"अडकते तेव्हा खाली काय टेकतं?"

"पोट टेकतं."

"पोटाचं काय टेकतं?"

"तुम्ही पाटे वाढवा चाचा, पैसे मी देतोय ना!"

चाचांनी कमानी उतरवल्या. पुढं-मागं जाड पाटे वाढवले, मागं एक्सल आणि कमानीच्या मधे लोखंडी गुटके घातले, लांब यू-बोल्ट आवळले, शॉकअप बदलले. ब्रेकचा पाइप ताणला जात होता, तोही लांब टाकला. गाडी रुबाबदार दिसू लागली, हे कबूल करायला हवं. चौकात पोरांनी फोटो काढले.

पण वेग वाढला की खालून घरघर यायची. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला होता आणि क्रॉसवर ताण पडत होता. वळणावर भरलेली गाडी झुकायची. रात्री समोरचे ड्रायव्हर शिव्या द्यायचे, कारण हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत. सगळ्यात वाईट म्हणजे पाटे ताठ झालेले. माल कमी असला की गाडी खड्ड्यागणिक उडायची आणि तळातले टोमॅटो चेपायचे. व्यापारी क्रेट उपसून बघायचा आणि भाव पाडायचा.

आणि पहिल्याच मोठ्या पावसात गाडी त्याच वरंब्यावर, त्याच जागी बसली.

बाळू चिखलात आडवा होऊन खाली शिरला. चॅसी कोरडी ठणठणीत, चांगली वर. मातीत रुतला होता तो डिफ्रन्शियलचा गोळा, पूर्वी होता तितक्याच उंचीवर. कमानी बसतात एक्सलच्या वर. त्या कितीही उचलल्या तरी वर जाते ती बॉडी. एक्सल टायरच्या भरवशावर जिथल्या तिथं राहतो. टायर दोन इंचांनी मोठा घेतला तर गोळा एक इंच उचलेल, तेवढंच. आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक फिरत होतं ते हौद्यात वजन नसल्यानं. त्याला उंचीचा काय उपयोग?

चाचांना हे ठाऊक होतं तर त्यांनी सांगितलं का नाही, असं कुणी म्हणेल. दोनदा विचारलं होतं त्यांनी.

पासिंगही जवळ आलं होतं. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नं करता येत नाही. साहेबानं गुटक्यांवर बोट ठेवलं असतं तर बाळूकडं उत्तर नव्हतं. त्यानं सगळं उतरवायला सांगितलं. मग गावातल्या चौघांना घेऊन फावड्यानं वरंबा छाटला, चाकोऱ्यांत मुरूम भरला. रिकाम्या खेपेला मागच्या एक्सलवर येतील अशी वाळूची पोती हौद्यात टाकू लागला. गाडी त्यानंतर अडकली नाही असं नाही, पण ट्रॅक्टरवाल्याचा नंबर क्वचितच लागायचा.

चाचांनी गुटके भंगाराच्या भावानं परत घेतले. काढायची मजुरी मात्र घालायच्या मजुरीइतकीच लावली.