गाठ कोणाची?

पुण्यातील जुन्या बंगल्यांच्या आवारातील आंब्याची पाने निरखून पाहिली, तर त्यांवर पुष्कळदा बारीक, टणक गाठी आढळतात. जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीची मिजमाशी कोवळ्या पालवीत अंडी घालते. अळी पानात शिरते आणि तिच्याभोवती पानाच्या पेशी अवाजवी वाढू लागतात. भिंत झाडाची, अन्नही झाडाचेच! पूर्व विदर्भात भातावर पडणारी गादमाशी ही तिचीच भाऊबंद. तिची अळी रोपाच्या वाढत्या कोंबाशी पोहोचली, की लोंबी येण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा येतो. त्या फुटव्याला दाणा धरत नाही.

या अळीला दुष्ट म्हणावे काय? दुष्टतेला स्वतःचे द्रव्य नसते, ती चांगल्यातील उणीव होय, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रतिपादिले. गाठ पाहताना हा विचार पटतो. तिची प्रत्येक पेशी पानाचीच आहे. ती आपल्या कामावरून ढळली आहे, इतकेच. तरीही दोष माशीच्या माथी मारता येत नाही. दोषाला निवड लागते आणि माशीला दुसरा मार्ग ठाऊक नाही.

निवड माणसाला आहे. म्हणूनच 'बांडगूळ', 'परोपजीवी' हे शब्द माणसांवर फेकण्यापूर्वी आपण थबकले पाहिजे. पर्वतीच्या उतारावरील वा नदीकाठच्या झोपडवस्तीला शहराच्या अंगावरची गाठ म्हणणारे सुशिक्षित आपल्यात कमी नाहीत. परंतु गाठीची कसोटी एकच: कोण कोणाच्या रसावर पोसले जाते? त्या वस्तीतून पहाटे निघालेली बाई चार घरची धुणीभांडी करते. तिची शेजारीण शहराचा कचरा वेचते. अशा कचरावेचकांनी १९९३ साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली आणि आपल्या कामाला काम म्हणून मान्यता मागितली. दान त्यांनी मागितले नव्हते.

कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर पोसणारे कोण आणि पोसले जाणारे कोण, याचे उत्तर आपल्याला सुखावणारे नसेल. अळीला आपले घर कोणाच्या पेशींचे आहे, हे कळत नाही, आपल्याला कळते. मग मोलकरणीची आठवड्याची एक सुटी आणि तिच्या आजारपणातील पगार हा आपल्या दयेचा विषय उरत नाही. ते तिचे देणे आहे.