आज्ञावलीच्या आधीची घटका

घर बांधावयाचे ठरले की जाणता गवंडी विटेला हात लावण्यापूर्वी जमिनीवर आखणी करतो. दोरी ताणतो, काटकोन पाहतो, पावसाचे पाणी कोणीकडून येते ते विचारतो. पाहणाऱ्याला हा वेळ वाया जात आहे असे वाटते. परंतु पुढे घर उभे राहते ते त्याच वेळेच्या आधारावर. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यालाही हा नियम लागू आहे काय? आणि तो केवळ कौशल्याचा नियम आहे, की नीतीचाही?

हा प्रश्न माझ्यासमोर आणला तो माझ्या पुतणीने. ती एका कंपनीत आज्ञावल्या लिहिते. रुग्णांच्या औषधांची मात्रा नोंदविणारे एक काम तिच्याकडे आले, तेव्हा वरिष्ठांनी सांगितले, “आराखडा नंतर पाहू, आधी काहीतरी चालवून दाखवा.” ती म्हणाली, “काका, आमच्याकडे विचार करीत बसलेला माणूस रिकामा समजला जातो.” तिला उत्तर देताना मला थेरॅक-२५ या यंत्राची हकिगत आठवली.

कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनविले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना त्यातून नेमलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण मिळाले. काही दगावले, काही कायमचे जायबंदी झाले. यंत्र दोन प्रकारे चाले : एकात सौम्य इलेक्ट्रॉन झोत रुग्णावर सोडला जाई, दुसऱ्यात अतितीव्र झोत धातूच्या तुकड्यावर आदळून क्ष-किरण निर्माण होत. चालकाने चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकले आणि सुमारे आठ सेकंदांच्या आत ते दुरुस्त केले, तर आज्ञावलीचा एक भाग ती दुरुस्ती जाणे, दुसरा जाणत नसे. मग झोत तीव्रच राही आणि मधला धातू मात्र बाजूला सरे. पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढाच मजकूर उमटे. १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत टेक्सासमधील टायलर येथे दोन रुग्ण असे बळी पडले.

हाच दोष आधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या आज्ञावलीतही होता, पण तेथे कोणाला इजा झाली नाही. कारण त्या यंत्रात आज्ञावलीवर अवलंबून नसलेले स्वतंत्र संरक्षक खटके होते. नव्या यंत्रात ते गाळून सुरक्षिततेचा भार आज्ञावलीवर टाकण्यात आला. म्हणजे मूळ चूक अक्षरांत नव्हती. ‘ही आज्ञावली चुकली तर रुग्णाला कोण वाचवील?’ हा प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वी पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही, तेथे ती होती.

नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आज्ञावली एकाच माणसाने रचली होती आणि ती रचताना कागदावर फारसे काही उतरविले गेले नव्हते, असे त्यात आढळते. तरीही सारा दोष त्या एका माणसाच्या माथी मारू नये. रचना कोणी तपासली नाही, हा दोष अनेकांचा आहे. एक चूक शोधून बुजविणेही पुरेसे नसते. टायलरचा दोष सापडल्यानंतर, जानेवारी १९८७ मध्ये, याकिमा येथे अगदी निराळ्याच दोषामुळे आणखी एका रुग्णाला इजा झाली.

यावर कोणी म्हणेल, सर्व काही आधी कसे कळणार? आक्षेप रास्त आहे. डेव्हिड पार्नास व पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये मान्य केले की, संपूर्ण तर्कशुद्ध क्रमाने कोणतीही रचना प्रत्यक्षात घडत नाही. काम करता करता नवे उमगते, जुने बदलते. पण म्हणून आराखडा सोडून द्यावा असे त्यांनी म्हटले नाही. उलट तो आदर्श समोर ठेवून प्रत्येक निर्णय लिहून ठेवावा, असाच त्यांचा आग्रह होता. आराखडा म्हणजे भविष्यकथन नव्हे. आपण चुकू शकतो, याची ती आधीच दिलेली कबुली होय.

येथेच कौशल्याची सीमा संपते आणि सदसद्विवेकाची सुरू होते. गवंड्याला घरमालक डोळ्यांसमोर दिसतो; आज्ञावली लिहिणाऱ्याला रुग्ण कधीच दिसत नाही. काम सुरू होण्यापूर्वीची ती शांत घटका हीच त्या अनुपस्थित माणसाला आपल्या मेजाशी बसविण्याची वेळ असते. एकदा हात चालू लागले की मन यंत्राच्या मागे धावते, माणूस मागे राहतो.

पुतणीने वरिष्ठांकडे दोन दिवस मागून घेतले. ते देताना त्यांनी कुरकुर केली. पहिल्या कागदावर तिने एकच ओळ लिहिली : मात्रा चुकीची नोंदली गेली, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येईल? त्या ओळीचे उत्तर शोधण्यातच तिचा पहिला दिवस गेला. तो वाया गेला, असे मला वाटत नाही.