ठेव

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: बरोबर काय न्यावयाचे आणि मागे काय सोडावयाचे? आम्हांस हा प्रश्न आजवर सात वेळा पडला. परंतु एका वस्तूविषयी तो एकदाही पडला नाही. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी धुवट मलमलीत गुंडाळलेली एक लहानशी कुंची सातही वेळा निमूटपणे आमच्याबरोबर आली. आता शेवटच्या नेमणुकीवर जबलपुरात, कांचघराच्या वस्तीत आमचे बिऱ्हाड आहे. आणि याच घरात त्या कुंचीने आम्हांस असा एक पेच घातला की, तो सोडविताना उभ्या चाकरीतील नियमपुस्तके अपुरी पडली.

कुंची आमच्या आत्याच्या हातची. आत्या बेळगावकडची, धारवाडी कसुतीवर तिचा हात बसलेला होता. काळ्या चंद्रकळेच्या तुकड्यावर तिने पांढऱ्या, तांबड्या आणि हिरव्या धाग्यांनी तुळशीवृंदावन, रथ आणि पोपटांची रांग भरली होती. कसुतीची नक्षी आधी कापडावर रेखाटीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून टाका घालतात, आणि गाठ मारीत नाहीत. गवंतीच्या टाक्यात दोरा पुढे जाताना एक घर भरतो व एक सोडतो. त्याच वाटेने परत येताना सुटलेली घरे भरून काढतो. म्हणून गवंती आणि मुरगी हे टाके सुलट-उलट दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. पहिल्या नेमणुकीवर आम्ही निघालो तेव्हा आत्याने ती कुंची आमच्या हाती दिली आणि एवढेच म्हटले, "जपून ठेव हो." पुढच्याच वर्षी ती गेली. आम्ही तिचा शब्द अक्षरशः पाळला. आमच्या स्वतःच्या मुलाच्या बोरन्हाणालासुद्धा बाजारातून काळे झबले आणले. कुंची पेटीतच राहिली.

गेल्या संक्रांतीस मुलगा आणि सून नातवाला घेऊन पुण्याहून आली. नातवाची ती पहिलीच संक्रांत. हलव्याचे दागिने आले, बोरे आली, उसाचे करवे आले. आणि काळ्या वस्त्राचा विषय निघताच घरातून सूचना झाली की, आता ती कुंची काढावी. आम्ही स्पष्ट नकार दिला. नकाराला आधार होता, आणि तो आम्हांस भक्कम वाटत होता. आमच्या धर्मशास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू, हे एक स्वतंत्र पद आहे. ठेव जशी दिली तशी परत करावी, तिचा आपण उपभोग घेऊ नये, हा त्यातील दंडक. याज्ञवल्क्याने राजा, दैव आणि चोर यांच्या हातून ठेव गेली तर सांभाळणाऱ्यास दोषमुक्त केले आहे. परंतु नातवाच्या लाळेने व बोरांच्या रसाने ती गेली तर काय, याविषयी त्याने सवलत दिलेली नाही.

यावर आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला. "अहो, ठेव म्हणता, मग ज्याची ठेव त्याला द्याल केव्हा? आत्याबाई तर मागायला येणार नाहीत."

आम्ही निरुत्तर झालो. निक्षेपाच्या कल्पनेत तीन गोष्टी गृहीत असतात: ठेवणारा, सांभाळणारा आणि परत घेणारा. एरवी पहिला व तिसरा एकच असतो. येथे पहिला काळाच्या पडद्याआड गेला होता, आणि तिसरा कोण याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. कचेरीत डेडस्टॉकचे रजिस्टर असते. त्यात खुर्च्यांची आणि कपाटांची वर्षानुवर्षे मोजदाद होते. एक अधिकारी दुसऱ्याच्या ताब्यात ती देतो, सही होते, आणि त्या खुर्चीवर कोणी बसले की नाही हे कोणी विचारीत नाही. आम्ही आत्याच्या कुंचीचे नेमके हेच केले होते. मोजदाद चोख होती. हेतूचा मात्र पत्ता नव्हता.

वस्तू मुळीच न वापरता जपण्यास अर्थ नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घरगुती वस्तूंचा आपला अफाट संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादेस १९४९ पासून कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. अशा ठिकाणी जुन्या वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू नये, असा दंडक पाळतात. कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि कधीच भरून येत नाही. तेथे वस्त्र काचेआड असते ते योग्यच, कारण तेथे ठेव परत घेणारा एक माणूस नसून येणारी सारी माणसे आहेत. परंतु कांचघरात राहिलो म्हणून आमचे घर काचेचे कपाट होत नाही. संग्रहालयाचे कर्तव्य आणि घराचे कर्तव्य ही भिन्न आहेत. आम्ही एकाचा नियम दुसऱ्यास लावीत होतो, आणि तोही अर्धवट. संग्रहालय वस्त्राची देखभाल करते. आम्ही केवळ कुलूप लावले होते.

हे कुलूप उघडल्यावर दिसून आले. इतक्या वर्षांत आम्ही कुंचीची घडी एकदाही मोडली नव्हती. एकाच रेषेवर दुमडलेले सूत तेथेच ठिसूळ होते. म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदलावी लागते, हे साधे ज्ञानही आम्हांस नव्हते. मधल्या घडीवर दोन जागी कापड विरले होते. बरे झाले की कापडाला खळ नव्हती, नाही तर कसरीने उरलेले काम पुरे केले असते. ज्या वस्तूला आम्ही हात लावू दिला नाही, ती आमच्याच हातून झिजली होती. वापराने होणारी हानी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा दोष लागतो. न वापराने होणारी हानी अंधारात होते, म्हणून तिला आपण जपणूक म्हणतो.

आमचा विरोध मावळला. नातवाने कुंची घातली, हलव्याचा मुकुट घातला, आणि डोक्यावरून बोरे पडताच कुंचीचे टोक तोंडात घातले. औक्षणाच्या गडबडीत ओली हळद वृंदावनाच्या पांढऱ्या पायऱ्यांवर सांडली. कोणीतरी घाईने साबण लावला, आणि पिवळा डाग क्षणात कुंकवासारखा लाल झाला. हळदीचा हा गुणच आहे. क्षाराने ती तांबडी होते व आंबटाने पुन्हा पिवळी. परंतु त्या क्षणी आम्हांस वाटले की, आत्याच्या पायऱ्यांवर रक्तच सांडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंची घेऊन गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. कपडे धुण्याची आणि इस्त्रीची त्याची पिढीजात ख्याती. त्याने ती हातावर पालथी करून पाहिली आणि परत दिली. "बाबूजी, ये धुलाई पैसे की नहीं है. घर में धोइए." नफ्याचे काम नाकारणाऱ्या त्या माणसास कशिद्याची नीती आमच्याहून अधिक कळत होती. जी झीज होईल तिचा भार ज्याचा त्याने उचलावा. पैसे देऊन तो दुसऱ्याच्या माथी मारू नये, हा त्याचा अर्थ आम्ही घेतला.

मग घरीच धुलाई मांडली. बिया काढून रिठे रात्रभर भिजविले आणि सकाळी पाणी गाळून घेतले. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने उलट बाजूचा तांबडा धागा दाबून पाहिला. रंग उतरला नाही. थंड पाण्यात कुंची नुसती बुडविली. चोळली नाही, पिळली नाही. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपले आणि सावलीत आडवी पसरली. हलव्याची साखर पाण्यात विरघळून गेली. हळदीचा पिवळेपणा राहिला. उन्हाने तो उडाला असता. पण उन्हाने तांबडा आणि हिरवा धागाही विटला असता. आम्ही डाग ठेवला.

वाळविण्यासाठी कुंची उलटी पसरली तेव्हा, जेथे दोन्ही बाजू एकसारख्या दिसावयास हव्यात तेथे, रथाच्या चाकाजवळ एक फरक दिसला. तांबड्या धाग्यात दुसऱ्याच छटेचा तांबडा धागा मिसळला होता. टाका तोच, हात तोच, दोरा मात्र नंतरचा. म्हणजे ही कुंची आमच्याआधी कोणीतरी घातली होती, ओढली होती, फाडली होती; आणि आत्यानेच ती धुऊन रफू केली होती. बहुधा ते मूल आम्हीच असू. ठेवणाऱ्याची अट तिच्या एका वाक्यात आम्ही शोधीत राहिलो. ती तिच्या कृतीत लिहिलेली होती. "ठेव" या शब्दाचे आम्ही नाम केले. तिच्या तोंडी ते क्रियापद होते, आणि त्याच्यामागे "जपून" होते. जपणे हे रोजचे काम आहे.

येथे एक आक्षेप उरतो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. प्रत्येक पिढीने असा वापर केला तर शेवटच्या पिढीच्या हाती चिंधीच येणार नाही का? येईल, आणि तो तिच्यावर अन्यायच होईल, जर तिच्या हाती चिंधीखेरीज काहीच आले नाही तर. लखनौच्या चिकनकामात नक्षी आधी निळ्या रंगात लाकडी ठशांनी छापतात. टाके भरून झाले की कापड धोब्याकडे जाते, आणि निळे ठसे धुऊन निघाल्यावरच काम पुरे झाले असे मानतात. तेथे धुणे हा घडविण्याचाच शेवटचा भाग आहे. कशिद्याच्या वारशातही कापड हा एक भाग. धुण्याची रीत, घडी बदलण्याची आठवण, तुटला टाका भरण्याचा हात, हा दुसरा. आम्ही पहिला सांभाळला आणि दुसरा आत्याबरोबर जाऊ दिला. खरी चूक ती होती.

सूनबाईने चाकाचे धागे मोजून कागदावर घरे आखून घेतली आहेत. गवंती तिला येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. कुंची तिच्याबरोबर पुण्यास गेली. सोबत रिठ्यांची पुडी दिली, आणि "जपून ठेव" म्हणण्याचे आम्ही कटाक्षाने टाळले.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांच्या घरीही अशी एखादी पेटी असेल. १९५६ साली प्रांतांची फेररचना होऊन उच्च न्यायालय जबलपुरास आले, तेव्हा नागपुराहून कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. त्यांच्या सामानातही शाली, शेले, अभ्रे असतीलच. त्या पेट्या एकदा सावलीत उघडाव्यात, घड्या मोडाव्यात, आणि ती वस्तू कोणाची आहे हे घरातल्या लहानांस विचारावे. पिवळा डाग पडेल. आमच्या वृंदावनावर तो अजून आहे.