केटी संपल्यावर

केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, काय असते हे हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचं काम पुण्यात यायचं ठरलं की तिकडचा जुना माणूस रात्रीच्या कॉलवर स्क्रीन शेअर करून बसतो. महिनाअखेरीला कोणता जॉब अडकतो, तेव्हा कोणता लॉग बघायचा, कोणत्या टेबलाला हात लावायचा नाही, सगळं सांगतो. केटी संपली की बऱ्याचदा त्याची नोकरीही संपते. त्याच कामावर आपल्या कितीतरी घरांचे हप्ते फिटले. म्हणून त्या माणसाचं पुढे काय झालं, हे आपण विचारलंच पाहिजे.

त्याला सांगितलं गेलं, नवं काही शिका. परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी अमेरिकेत १९६२ पासून सरकारी योजना होती. प्रशिक्षणाचा खर्च आणि शिकताना भत्ता मिळे. पण प्रोग्रामरांचे अर्ज फेटाळले जात, कारण सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ नव्हे! सेवाक्षेत्राला त्यात जागा मिळाली २००९ मध्ये, आणि २०२२ पासून नवे अर्ज घेणंच बंद झालं. शिकलेल्यांच्याही हाती फार लागलं नाही. २०१२ च्या सरकारी मूल्यमापनात योजनेतल्या लोकांची कमाई चार वर्षांनंतरही बाहेरच्या बेकारांपेक्षा कमीच निघाली. पन्नाशीचा माणूस वर्गात बसून उठतो, तोवर त्याचा अनुभव जुना झालेला असतो आणि त्याला फ्रेशरांच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्याच योजनेतली एक छोटी तरतूद मला कितीतरी शहाणपणाची वाटते. पन्नाशी उलटलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर फरकाची निम्मी रक्कम, ठरावीक मर्यादेत, सरकार दोन वर्षं देई. माणूस कामावर राहतो आणि काम करताकरता शिकतो.

आता पाळी आपली. काम दुसऱ्या देशात जाईल, नाहीतर यंत्राकडे. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांची कपात जाहीर केली, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतलेच जास्त. आपला कायदा काय देतो? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार द्यायचा आहे. देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांहून जास्त मिळवणारा तर कामगारच धरला जात नाही, म्हणजे बहुतेक टीम लीड बाहेरच. शिकणं नोकरी असतानाच, कंपनीच्या वेळात आणि कंपनीच्या खर्चाने व्हायला हवं, आणि तसं कायद्यात लिहून यायला हवं. पंधरा दिवसांच्या पगारात पंचेचाळिशीचा माणूस नवं काम शिकून उभा राहत नाही.