‘स्किन कलर’ कोणाचा?



धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले नाताळची चित्रे काढू लागली की रंगपेटीतील एका फिकट गुलाबी खडूसाठी ओढाताण होते. त्याला मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. त्या रंगाची कातडी आपल्या धर्मग्रामात एकाचीही नाही. तरीही पवित्र मरिया, संत योसेफ आणि बाळ येशू यांचे चेहरे त्याच खडूने भरले जातात. तपकिरी खडू मेंढपाळांच्या वाट्याला येतो. हे मुलांना कोणी शिकवत नाही. घरातील कॅलेंडर पाहून ती शिकतात.

मग खरे चित्र कोणते?

आपल्या परंपरेत चित्रकलेची सहा अंगे मानली आहेत. यशोधराच्या ‘जयमंगला’ या संस्कृत टीकेत ती येतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यातील सादृश्य म्हणजे साम्य. पण मरियेच्या बाबतीत साम्य कशाशी जुळवणार? शुभवर्तमानात तिच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. लूर्दच्या गुहेत १८६४ साली बसवलेल्या संगमरवरी मूर्तीच्या प्रतिकृती आज जगभर आहेत. पण जिला दर्शन झाले त्या संत बर्नाडेटचे त्या मूर्तीने समाधान झाले नव्हते.

प्रमाणाचे मात्र तसे नाही. आईने बाळ उचलले की तिचा खांदा किंचित खाली येतो, कंबर एका बाजूला जाते, बोटे बाळाच्या पाठीत रुततात. चित्रातील बाळाला वजनच नसेल, ते कापसासारखे हातावर तरंगत असेल, तर ते चित्र खोटे आहे, मग मरियेचा झगा कितीही निळा असो. देवाचा पुत्र खरोखर मनुष्य झाला हे आपण दर रविवारी म्हणतो. मनुष्याला वजन असते.

‘फादर, भक्तीने काढले आहे ना, मग झाले,’ असे कोणी म्हणेल. संत थॉमस अक्वायनस यांना ते पटले नसते. कारागिराची वाखाणणी त्याच्या इच्छेवरून होत नाही, कामावरून होते, असे ते सांगतात. सुतार कितीही प्रार्थनाशील असला तरी डुगडुगणारा बाक डुगडुगतोच.

गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले आणि शांतिनिकेतनच्या परंपरेत चित्रकला शिकली. त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा रंग दिला. गोव्यातील अनेक ख्रिस्ती लोकांना तो अपमान वाटला. ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले. झग्याला कोणी हरकत घेतली नव्हती, साडीला घेतली. युरोपचा पोशाख पोशाखच वाटला नाही, इतका तो डोळ्यांत मुरला होता.

मरिया नासरेथची यहुदी स्त्री होती, मग साडीही खोटीच नव्हे का? आक्षेप रास्त आहे. साडी पाहून कोणी तिचे यहुदी असणे विसरणार असेल, तर तेथे चित्राने दगा दिला असे मीही म्हणेन. पण साडी नेसवणारा चित्रकार ती पुण्यात जन्मली असे सांगत नसतो. गुलाबी खडू मात्र काहीतरी सांगतो: पावित्र्य गोरे असते. ‘वर्ण’ हा एकच शब्द आपण रंगालाही वापरतो आणि माणसांच्या उतरंडीलाही. त्या उतरंडीत खालच्या पायरीवर उभे केलेल्या माणसांची नातवंडे आपल्या बाकांवर बसतात. त्यांनी कोणता खडू उचलावा, हा निव्वळ चित्रकलेचा प्रश्न कसा राहील?

आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या भिंतींवर सावळी, गव्हाळ, गोरी माणसे शेजारी शेजारी बसली आहेत, आणि राजेराण्याही सावळ्या आहेत. तांबडा आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, काळा काजळीचा. दुरून आणावा लागला तो निळा. कातडीचे रंग इथल्या मातीतून निघाले.

यंदाच्या चित्रांसाठी कागद धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळतील. गुलाबी खडू पेटीतून काढलेला नाही. पालकांना एकच विनंती: मुलांनी आधी घरातील तान्हे बाळ कोण कसे धरते ते नीट पाहावे, मग रेघ ओढावी. तपकिरी खडू संपला तर तांबड्यावर थोडा हिरवा घासावा, चांगला तपकिरी होतो.