मृतांना विचारावे काय?

घरातले माणूस गेले की तेरा दिवस माणसांचा राबता असतो. चौदाव्या दिवसापासून खरे रिकामेपण सुरू होते. मग कपाटातली वही निघते. एखाद्या रकमेपुढे नुसतेच नाव लिहिलेले असते. ते दिलेले की घेतलेले, हे सांगणारा आता नसतो. मुलीच्या स्थळाबद्दल त्याच्या मनात काय होते, वाटणीचे काय ठरले होते, हे सारे त्याच्याबरोबर गेलेले असते. अशा वेळी कोणीतरी हलक्या आवाजात सांगते की, अमुक गावी एक बाई आहेत, त्या गेलेल्या माणसाला बोलावतात. आपल्या या दोन भाषांच्या मुलखात असे निरोप मराठी घरात येतात तसे कानडी घरात येतात, हिंदूंकडे येतात तसे ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही येतात.

या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मविचाराने जे उत्तर दिले, ते मला विचार करण्याजोगे वाटते. आपण सुशिक्षित माणसे असल्या गोष्टी 'थोतांड' या एका शब्दात निकालात काढतो. बायबलचा नकार आपल्यापेक्षा कडक आहे, पण त्याचे कारण निराळे आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. वसतिगृहातली मुले परीक्षेच्या तोंडावर प्लँचेट करीत. पाटावर अक्षरांचा कागद, त्यावर वाटी आणि वाटीवर तिघांची बोटे. एकदा खुद्द लोकमान्यांना बोलावले गेले. बीजगणितात कोणते प्रश्न येणार, एवढेच विचारायचे होते. कागदावरची अक्षरे रोमन होती, त्यामुळे केसरीकारांना इंग्रजीतून उत्तरे द्यावी लागली. मुले हसली, मीही हसलो. पण त्या पोरांना लोकमान्य नको होते, पेपर हवा होता. मृतांकडे जाणारे बहुतेक लोक खरे तर कशासाठी जातात, हे त्या वाटीने मला चांगले दाखवून दिले.

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना प्रश्न विचारणारे या सर्वांना इस्राएल लोकांत मज्जाव केलेला आहे. परंतु नियम वाचून नियमाचे मर्म कळत नाही, त्यासाठी गोष्ट लागते. ती गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, २८ व्या अध्यायात आहे.

शौल हा इस्राएलांचा पहिला राजा. ज्या संदेष्ट्याने त्याला अभिषेक केला तो शमुवेल वारलेला आहे. पलिष्ट्यांचे सैन्य शूनेमाला तळ देऊन बसले आहे आणि समोर गिलबोवावर शौलाची छावणी आहे. ते सैन्य पाहून राजाचे काळीज थरथरते. तो देवाला विचारतो, पण स्वप्नांतून नाही, ऊरीमाच्या कौलातून नाही, संदेष्ट्यांकडून नाही, कुठूनच उत्तर येत नाही. भूतविद्या जाणणाऱ्यांना याच राजाने देशाबाहेर घालवलेले आहे. तोच आता सेवकांना म्हणतो की, अशी एखादी बाई शोधा. एन-दोर येथे एक असल्याचे कळते. राजा वेश पालटतो आणि दोन माणसे घेऊन रात्रीचा तिच्या दारात उभा राहतो. बाई घाबरते, हा मला पकडण्याचा डाव तर नाही ना, असे विचारते. शौल तिला अभय देतो, तेही देवाच्या नावाने शपथ घेऊन! मग ती शमुवेलाला बोलावते. झगा पांघरलेला एक वृद्ध पुरुष जमिनीतून वर येताना तिला दिसतो.

तो खरोखर शमुवेल होता काय? यावर ख्रिस्ती आचार्यांत शतकानुशतके वाद झाला. ओरिजेन म्हणाला, तो शमुवेलच. अंत्युखियाच्या युस्टेथियसने त्याच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तर्तुल्यनाच्या मते ते सैतानी सोंग होते. मूळ कथा मात्र या वादात पडत नाही, ती सरळ 'शमुवेल' असेच म्हणते.

माझ्या मते महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. शौल विचारतो, मी आता काय करावे? आणि या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळतच नाही. शमुवेल जिवंतपणी जे बोलला होता तेच पुन्हा ऐकवतो की, राज्य तुझ्या हातून काढून दाविदाला दिले आहे. त्यात नवी भर एवढीच, की उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल. ही बातमी झाली, मार्गदर्शन नव्हे. उद्या मरायचे आहे हे कळल्याने शौलाला लढावे की तह करावा, मुलांना माघारी धाडावे की नाही, यातले काहीच कळले नाही. तो फक्त जमिनीवर कोसळला. ती बातमी खरी ठरली, आणि तरी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात शौलाच्या मरणाच्या कारणांत हे विचारणे दोष म्हणून नोंदले गेले. खरे-खोटे हा बायबलचा मुद्दाच नाही. निर्णयाचे ओझे ज्याचे त्याने देवासमोर उभे राहून उचलायचे आहे, ते मेलेल्याच्या खांद्यावर टाकायचे नाही, हा मुद्दा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १६) येशूने सांगितलेला दाखलाही त्याच रोखाचा आहे. नरकात पडलेला श्रीमंत माणूस अब्राहामाला विनवतो की, लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठव, म्हणजे ते सावध होतील. अब्राहाम नकार देतो. त्यांच्यापाशी मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचे जे ऐकत नाहीत ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत, असे त्याचे म्हणणे.

यावर कोणी विचारील, मग कॅथलिक लोक संतांना हाक मारतात ती काय? कॅथलिक उत्तर असे की, आम्ही संतांना आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, उद्याचे भविष्य विचारत नाही. प्रॉटेस्टंटांना हा भेद पुरेसा वाटत नाही. तो त्यांचा जुना कलह आहे, त्यात मी शिरत नाही.

या शिकवणीची खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. सर ऑलिव्हर लॉज हे बिनतारी संदेशाच्या संशोधनात नाव झालेले पदार्थवैज्ञानिक, बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले प्राचार्य. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांचा मुलगा रेमंड फ्लँडर्समध्ये मारला गेला. लॉज या विषयाचा अभ्यास आधीपासून करीत होतेच. माध्यमांच्या बैठकांतून मुलाशी बोलणे झाले असे मानून त्यांनी १९१६ साली 'रेमंड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. परलोकात सिगार आणि व्हिस्की मिळते असा त्यात एक उल्लेख आहे. त्यावर टीकाकार पोटभर हसले. ज्यांच्या घरी तार आली होती ते हसले नाहीत. एप्रिल १९१७ मध्ये रोमच्या धर्मपीठाने निर्णय दिला की, कॅथलिकांनी अशा बैठकांना नुसते पाहायलासुद्धा जाऊ नये.

बंदी ठीक. पण त्या आईने मग जायचे कुठे? रोमकडे निदान दुसरे एक दार उघडे होते. मृतासाठी मिस्सा सांगता येई, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करता येई. गोव्यात आजही २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या घेऊन आलेली कुटुंबे दिसतात. इंग्लंडच्या चर्चने मात्र मृतांसाठीच्या प्रार्थना १५५२ च्या प्रार्थनापुस्तकातून काढून टाकल्या होत्या. त्यामागे धर्मशास्त्राची कारणे होती, आणि ती पोकळ नव्हती. पण जिथे मुलाचे नाव प्रार्थनेत घेण्याचीही चोरी, तिथे माणसे अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती बसणारच. मृतांविषयी काही करू द्यायचे नाही आणि त्यांना काही विचारूही द्यायचे नाही, हे दुःखी माणसाला पेलत नाही.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे लोक काय करतात ते आठवा. हात जोडून मोठ्याने सांगतात, 'धाकट्याचे शिक्षण आम्ही पुरे करू, काळजी करू नका.' पाद्रीसाहेब यालाही शकुनच म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. तरीही त्या दर्भाजवळ उभे राहून मृताकडून काही काढून घेतले जात नाही. जिवंत माणूस स्वतःच्या शिरावर काहीतरी घेतो.

मग मार्ग कोणाला विचारावा? या बाबतीत मला इग्नेशियस लोयोला जवळचा वाटतो. त्याच्याच संघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला. १५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने एक निरीक्षण केले. शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण मागाहून मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या वाटेचा विचार केला की समाधान नंतरही टिके. यातूनच पुढे त्याने 'आत्म्यांची पारख' करण्याचे नियम बांधले. हे आत्मे मेलेल्यांचे नव्हेत, आपल्याच मनाला इकडे-तिकडे ओढणाऱ्या प्रेरणांचे. त्यातला एक नियम कोणत्याही धर्माच्या घरात चालावा असा आहे: मन विषण्ण झालेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. शौल नेमका अशाच रात्री घराबाहेर पडला होता. तेराव्यानंतर लगेच घर विकायला काढणारे आपणही पाहतोच.

एन-दोरच्या त्या बाईबद्दल मात्र प्रवचनांतून फारसे ऐकू येत नाही. कायद्याने ती दोषी. पण राजा जमिनीवर पडला तेव्हा, याने दिवसभर आणि रात्रभर काही खाल्लेले नाही, हे तिने ओळखले. तो नको म्हणत असताना तिने आग्रह केला. घरातले पोसलेले वासरू कापले, कणीक मळून बेखमीर भाकरी भाजल्या आणि शौल व त्याच्या माणसांपुढे ठेवल्या. ते जेवले आणि त्याच रात्री उठून गेले.